दोष कुणाचा, ते आधी सांगा!

उरण-पनवेलच्या पट्ट्यातल्या आमच्या जासईत लग्न दोन माणसांचं नसतं. ते गावाचं असतं. त्या दोघांना सोयीसाठी मधोमध बसवलेलं असतं. हळदीला किती पंगती उठल्या यावर घराण्याची पत ठरते, डीजे किती वाजेपर्यंत वाजला यावर नवऱ्याच्या मित्रांची, आणि पोलिसांनी तो कितीला बंद केला यावर घरच्या राजकीय ओळखींची. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण धवले म्हणायला बसली की देवांपासून पितरांपर्यंत सगळ्यांना बोलावणं जातं. पत्रिकेवर निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, मामेकुळातले झाडून सगळे, आणि अगदी तळाला ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. एवढ्या गर्दीत वधूवरांची नावं शोधायची तर चष्मा लागतो.

असं लग्न मोडायला कायद्याच्या मते किती माणसं लागतात? दोन. तीच दोन. इथेच गावाचं आणि कायद्याचं बिनसतं.

आमच्या आळीतल्या एका जोडप्याने मध्यंतरी हा उद्योग केला. मुलगा न्हावाशेव्याच्या बंदरात कस्टम क्लिअरिंगच्या कामाला. मुलगी उलव्याची, बँकेत नोकरीला. मूलबाळ नाही, मारहाण नाही, दारू हळदीपुरती. सासू-सुनेचंही भांडण नाही, आणि सासूला त्याचाच आता जास्त पश्चात्ताप होतो. निदान कारण तरी देता आलं असतं. दोघांनी रविवारी घरात बसून शांतपणे सांगितलं, “आमचं पटत नाही. आम्ही परस्पर संमतीने घटस्फोट घेतोय.” सोमवारी बातमी दास्तान फाट्याला पोचली. मंगळवारी ती परत आली तेव्हा तिच्यात एक दुसरी बाई, एक दुसरा माणूस आणि एक फ्लॅट अशी भर पडली होती.

लग्न मोडलं याचं गावाला वाईट वाटलंच. पण आपल्याला न विचारता मोडलं, हे जास्त लागलं. ज्यांनी मांडवात पाच तास उन्हात उभं राहून आहेराची पाकिटं गोळा केली, त्यांना एका शब्दाने विचारू नये?

मुलाची आत्या तेवढ्यासाठी सोनारीहून आली. पाण्याचा तांब्या बाजूला सारून तिने पहिला प्रश्न टाकला, “चूक कोनाची?”

“कोणाचीच नाही, आत्या.”

“आसा कवा व्हतं का रं? कोनाचीच नाय, तर मंग मोडताव कशाला?”

“आमचं जमत नाही.”

“आमचा तरी कुठं जमलाय? पन आमी कोर्टान गेलो का?”

यावर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत बसलेल्या आत्याच्या यजमानांनी पान उलटलं. पान उलटण्यापलीकडे त्यांनी काही केल्याचं गेल्या चाळीस वर्षांत कुणाच्या स्मरणात नाही.

आत्याला हसू नये. तिच्या प्रश्नामागे भारत सरकारचा कायदा बराच काळ उभा होता. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला, तेव्हा त्याच्या तेराव्या कलमातली घटस्फोटाची कारणं म्हणजे दोषांची आणि आपत्तींची यादीच होती: जोडीदार व्यभिचारात राहत असला तर, त्याने धर्म बदलला तर, वेड लागलं तर, कुष्ठरोग झाला तर, गुप्तरोग झाला तर, सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर, किंवा त्याने संन्यास घेतला तर. गंमत बघा. नवऱ्याने हिमालयाची वाट धरली तर बायको थेट घटस्फोट मागू शकत होती. घरीच राहून तो रोज छळत असेल, तर छळ या कारणावर आधी फक्त वेगळं राहण्याची परवानगी मिळायची. छळ हे घटस्फोटाचं सरळ कारण व्हायला १९७६ साल उजाडलं. तोवर संन्यासी होणं हे मारकुटं असण्यापेक्षा कायद्याला जास्त गंभीर वाटत होतं.

त्याच १९७६च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३-ब घुसवलं, आणि आत्याच्या हातातली छडी काढून घेतली. नवरा-बायको वर्षभर वेगळे राहतायत, एकत्र नांदणं शक्य नाही, आणि लग्न मोडावं यावर दोघांचं एकमत आहे, एवढं कोर्टाला पटलं की पुरे. दोष कुणाचा, हा प्रश्नच अर्जात नाही. त्याला रकाना नाही, त्याला जागा नाही. ज्यांनी पंचांगाऐवजी विशेष विवाह कायद्याखाली सही करून लग्न केलं होतं, त्यांना ही सोय १९५४ पासूनच होती. गावाला न विचारता लग्न करणाऱ्यांना गावाला न विचारता मोडण्याची मुभा बावीस वर्षं आधी मिळाली, हे तसं न्यायालाच धरून झालं.

आता हे गाव साधं नाही. हे दि. बा. पाटलांचं गाव. ते इथे १९२६ साली जन्मले, वकील झाले, पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार झाले, आणि कायद्याच्या कागदाला घाबरायचं नसतं हे त्यांनी आगरी-कोळी माणसाला शिकवलं. परिणामी जासईत प्रत्येक ओट्यावर एक बिनसनदी वकील बसलेला असतो. अर्ज दाखल होण्याआधीच या वकील मंडळाने तीन निष्कर्ष काढले. पहिला पक्ष म्हणाला, मुलीचा पगार जास्त, तिथेच बिघडलं. दुसरा म्हणाला, मुलगा मोबाइलवर जास्त, तिथेच बिघडलं. तिसरा पक्ष वयाने मोठा. तो म्हणाला, हळदीच्या दिवशी मटण कमी पडलं होतं, तेव्हाच मी बोललो होतो.

एका आजोबांचं म्हणणं वेगळंच. “कोर्ट कशाला पायजे? पूर्वी आपल्यात पंचांसमोर काडी मोडली का झालं.” आजोबांचं बोलणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. बहुजन समाजातल्या अनेक जातींत काडीमोड होती, सोडचिठ्ठी होती, नंतरचा पाट होता. घटस्फोट परदेशातून आला असं मानतात ते बहुधा पांढरपेशांच्या आळीत वाढलेले. शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात काडीमोडीला कायद्याचं रूप दिलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १९३१ साली घटस्फोटाचा कायदा झाला, आणि मुंबई इलाख्याला जाग आली ती १९४७ साली. १९५५च्या कायद्यानेही रूढीने चालत आलेल्या घटस्फोटाला हात लावलेला नाही; कलम २९ मध्ये ती वाट जपून ठेवली आहे. फक्त रूढी खरोखर होती, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. आणि आजोबा ज्या काडीमोडीबद्दल बोलत होते, तीत पंच आधी चूक कुणाची ते ठरवायचे, मग दंड, मग त्या दंडातून पंचांचं जेवण. आजोबांना रूढीची आठवण येते ती बरीचशी जेवणाची आहे.

काडीच्या जागी हल्ली स्टॅम्प पेपर आला आहे. शंभरचा होता, २०२४ पासून पाचशेचा झाला. त्यावर ‘आम्ही राजीखुशीने फारकत घेत आहोत’ असं लिहायचं, नोटरीचा लाल शिक्का मारून घ्यायचा आणि दोघांनी दोन वाटांनी जायचं. असे कागद कपाटात ठेवून दुसरं लग्न करून मोकळे झालेले लोक उरण-पनवेलच्या पट्ट्यात शोधावे लागत नाहीत. नोटरीला लग्न लावायचा किंवा मोडायचा अधिकार नाही, हे केंद्राच्या विधी विभागाला २०२४च्या ऑक्टोबरात पत्रक काढून सांगावं लागलं. लाल शिक्क्यावर आपल्या माणसाची श्रद्धा फार. देवाच्या अंगाऱ्यानंतर तोच.

तर, शेवटी पनवेल. लग्न उलव्याला लागलं होतं, मुलगी तिथेच माहेरी राहत होती, म्हणून पनवेलचं दिवाणी न्यायालय. वकील मॅडमनी कागदांची यादी दिली: आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, लग्नाचे फोटो आणि लग्नपत्रिका. लग्न मोडण्यासाठी आधी ते लागलं होतं, हे सिद्ध करावं लागतं. पत्रिका सापडेना. हजार छापल्या होत्या, एक मिळेना. अखेर ती आत्याच्या घरी मिळाली. तिने तिच्यात हरभऱ्याची डाळ बांधून ठेवली होती. फोटोंचं उलट झालं. अल्बम एवढा जाड, की वकील मॅडमना हवा असलेला, दोघंच असलेला साधा फोटो त्यात नव्हता. प्रत्येक फोटोत किमान अकरा माणसं, आणि ड्रोनने काढलेल्या फोटोंत तर मांडवाचं ताडपत्रीचं छप्पर. शेवटी सप्तपदीचा एक सापडला. त्यातही कोपऱ्यात मामा फोनवर बोलत होता.

मग संमतीच्या अटी लिहायला घेतल्या. स्त्रीधन कुणाकडे, काय काय परत केलं, पोटगी एकरकमी किती, एकमेकांवर काही केस असतील तर मागे घेणार का, पुढे कुणी कुणावर दावा लावायचा नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटातली खरी वकिली इथे असते. लग्नाच्या बोलणीत दोन्ही घरं जितकी हुशार होती, तितकीच ती इथे निघाली. पोटगीचा आकडा अडला, तेव्हा मुलाच्या बापूसाने अगदी सरळ मनाने तोडगा सुचवला, “साडेबारा टक्के देऊन टाकू.” नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्के मिळालेल्या उरण-पनवेलच्या माणसाला न्यायाचा दुसरा आकडा ठाऊकच नाही.

पहिल्या तारखेला मॅडमनी सांगितलं होतं, फक्त दोघांनी यायचं. गावाने ऐकलं आणि दोन टेम्पो ट्रॅव्हलर सांगितल्या. “एकटी पोरगी कशी जाल? आमची गारी मागून येतंय,” असं मुलाच्याच काकीने सुनेला फोन करून सांगितलं. वाटेत नेहमीप्रमाणे कंटेनरचे ट्रेलर आडवे. गावाशेजारी अटल सेतू उतरल्यापासून मुंबई जवळ आली आहे, पनवेल मात्र जिथे होतं तिथेच आहे. कोर्टाच्या आवारात दोन्ही बाजूंची मंडळी भेटली, आणि त्यांच्यात जे काही झालं ते पाहून बेलिफाला हे लग्नाच्या नोंदणीला आलेत असं वाटलं. व्याह्यांनी व्याह्यांना चहा पाजला. विहिणींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली. कुणीतरी पारले बिस्किटांचे पुडे आणले होते. नवरा-बायको मात्र दोन वेगवेगळ्या खांबांना टेकून आपापल्या वकिलांकडे बघत होते.

पुकारा झाला. सगळे आत निघाले. शिपायाने दारात हात आडवा धरला. वैवाहिक प्रकरणं बंद दाराआड चालवायची, असं कलम २२ सांगतं. त्यातला मजकूर परवानगीशिवाय छापला तर हजार रुपयांपर्यंत दंडही आहे. छापण्याला दंड आहे. ओट्यावर बोलण्याला नाही. एवढी एक त्रुटी कायद्यात राहून गेली, आणि सगळं गाव तिच्यावर तग धरून आहे.

आत काय झालं ते मुलाने नंतर सांगितलं. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं विचारलं: कुणी दबाव टाकला का, फसवलं का, स्वखुशीने आलात का? मग पुन्हा एकत्र राहण्याचा विचार होतोय का, हेही विचारलं. तसा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय असतं तिथे या कामाला समुपदेशक बसलेले असतात, बाकीच्या ठिकाणी प्रकरण मध्यस्थीकडे पाठवतात. बाहेर चहा पिणाऱ्या मंडळींना हे कळलं तेव्हा त्यांना गहिवरून आलं. “म्हंजे साहेबानीपन तेच विचारला ना, जे आमी विचारत होतो?” तेच विचारलं होतं, फक्त चूक कुणाची हे सोडून.

नंतर सहा महिने थांबायचं. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत दुसरा अर्ज करता येत नाही, आणि अठरा महिन्यांनंतरही नाही. मधला काळ विचार करायला दिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ला अमरदीप सिंग प्रकरणात सांगितलं, की हे सहा महिने म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. दोघं दीड वर्ष वेगळे राहिले असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील, पैशाचं आणि मुलांचं ठरलं असेल, तर कोर्ट ते माफ करू शकतं. आमच्या जोडीला दीड वर्ष झालं नव्हतं. त्यांचे सहा महिने शिल्लक होते.

त्या सहा महिन्यांत त्यांनी विचार केला की नाही, कल्पना नाही. गावाने मात्र रात्रंदिवस केला. कारण मुद्दा असा, की संमती पहिल्या दिवशी देऊन चालत नाही, ती शेवटच्या सहीपर्यंत टिकवावी लागते. सुरेष्टा देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हे पक्कं केलं: निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कुणीही माघार घेऊ शकतं. म्हणजे ज्या दोन माणसांचं भाजीत मीठ किती, पंखा किती नंबरवर आणि सुट्टीत कुणाच्या घरी यावर कधी एकमत झालं नाही, त्यांनी एका बाबतीत अर्धं वर्ष सलग एकमत राखायचं. इतका समजूतदारपणा अंगी असता तर कोर्टात कशाला आले असते, असं वाटतं खरं. पण बऱ्याच जोडप्यांचा संसार या सहा महिन्यांत सगळ्यात सुरळीत चालतो.

त्याच निकालात आणखी एक मजेची गोष्ट आहे. ‘वेगळं राहणं’ म्हणजे वेगळ्या घरात राहणंच असं नाही. एकाच छपराखाली नवरा-बायकोसारखं न राहणं, हेही वेगळं राहणंच. हे ऐकून आमच्या आळीत जरा शांतता पसरली. साडेबारा टक्क्यांच्या पैशातून बांधलेल्या दोन मजली घरांत वरच्या मजल्यावर ती आणि खालच्या मजल्यावर तो, अशी किती तरी जोडपी कायद्याच्या व्याख्येत केव्हाची बसलेली आहेत. आत्याच्या यजमानांनी यावर पेपरचं पान उलटलं.

संमतीचा विषय निघाला की जासईने गप्प बसू नये, असं मला वाटतं. या भागाला संमतीचा धडा फार महागात मिळालाय. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या, तेव्हा शेतकऱ्याला कुणी ‘दबाव टाकला का, स्वखुशीने आलात का’ असं दोनदा विचारलं नव्हतं. मिठागरं गेली, भातशेती गेली. सहा महिने विचाराला नव्हते. शेवटी १६ आणि १७ जानेवारी १९८४ला लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व आलं. योगायोग असा, की त्याच वर्षी संसदेने कौटुंबिक न्यायालय कायदा केला. ज्या गावाला माहीत आहे की न विचारता घेतलं तर किती लागतं, त्या गावाने तरी दोन माणसांची विचारून दिलेली संमती मुकाट्याने मान्य करावी. तिच्या पोटात शिरून गुन्हेगार शोधत बसू नये.

याच मुंबई इलाख्यात शंभर वर्षं आधी, १८८४ साली, दादाजी भिकाजीने आपली बायको रखमाबाई हिने नांदायला यावं म्हणून हायकोर्टात दावा लावला होता. लग्न झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी या लग्नाला संमती दिली नव्हती, एवढंच तिचं म्हणणं. तेव्हाच्या समाजाने अर्थातच आत्याचा प्रश्न विचारला: मग दोष कुणाचा, मुलीचा, शिक्षणाचा, की इंग्रजांचा? कोर्टाने १८८७ साली सांगितलं, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाली, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, आणि दोष कुणाचा हा वाद घालणारे विद्वान इतिहासात तळटीप म्हणून उरले.

साहेबाच्या देशात तरी हा प्रश्न सुटला होता असं कुणी समजू नये. इंग्लंडात एके काळी व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय सुटका नव्हती. मग सभ्य गृहस्थ समुद्रकाठच्या हॉटेलात खोली घ्यायचे, भाड्याने एक बाई आणायचे, रात्रभर पत्ते खेळायचे आणि सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीला साक्षीदार करायचे. जासईत हे जमलं नसतं. मोलकरणीने सांगायच्या आत बाई कुठल्या गावची ते निघालं असतं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी १९७० पासून दोष न शोधता घटस्फोट द्यायला सुरुवात केली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन स्वतः घटस्फोटित, आणि त्यांच्या पहिल्या बायकोने कारण दिलं होतं मानसिक छळाचं. त्यामुळे त्यांची सही अनुभवाची म्हणायला हरकत नाही. इंग्लंड मात्र अडून बसलं. टिनी ओवेन्स या बाईने नवऱ्याविरुद्ध २७ तक्रारी मांडल्या, तरी २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जड मनाने सांगितलं, की कायद्याच्या मापाने नवरा पुरेसा वाईट नाही, सबब घटस्फोट नाही. २७ तक्रारी! आमची आत्या असती तर तिसऱ्या तक्रारीला निकाल देऊन मोकळी झाली असती. त्या निकालाची एवढी शोभा झाली की त्यांना कायदाच बदलावा लागला. ६ एप्रिल २०२२ पासून तिथेही दोषाचा रकाना गेला.

आपल्या शेजारच्या गोव्याने या सगळ्यांना आधीच मागे टाकलं होतं. पोर्तुगालच्या १९१०च्या घटस्फोट कायद्यात परस्पर संमतीची वाट होती, आणि तो कायदा गोव्याला लागू होता. रेवस बंदरावरून होडीने दक्षिणेला गेलेला आगरी माणूस तिथे नारळ, फेणी आणि मासे बघून परत आला. हा माल त्याच्या नजरेतून सुटला.

आपल्याकडे अजून एक गोष्ट अर्धवट आहे. दोघांची संमती असेल तर दोष लागत नाही. पण एकालाच सुटायचं असेल, तर आजही तेराव्या कलमातली यादी काढून जोडीदाराचा एखादा दोष शोधावा लागतो. लग्न सुधारण्यापलीकडे गेलं आहे, हे स्वतंत्र कारण करा, असं विधी आयोगाने १९७८ साली सुचवलं आणि २००९ साली पुन्हा सुचवलं. विधेयक आलं, राज्यसभेत २०१३ साली मंजूर झालं आणि पुढे तसंच विझलं. सर्वोच्च न्यायालय मात्र स्वतःच्या खास अधिकारात, अनुच्छेद १४२ खाली, असा घटस्फोट देऊ शकतं, हे घटनापीठाने १ मे २०२३ला सांगितलं. म्हणजे एकट्याला निर्दोष सुटायचं तर दिल्लीची गाडी पकडायची. एवढ्यासाठीच वकील मंडळी आधी संमती जुळवायला बघतात. चूक सिद्ध करायला जी वर्षं जातात, त्यांत माणसं म्हातारी होतात.

दुसऱ्या तारखेला गावाचा उत्साह ओसरला होता. एकच टेम्पो निघाली, तीही मार्केटचं काम होतं म्हणून. आत पुन्हा तेच प्रश्न, तीच उत्तरं, दोघांच्या सह्या, आणि हुकूमनामा झाला. नकलेसाठी अर्ज केला, ती यथावकाश मिळाली. मुलाने ती घरी आणली, तेव्हा आत्याने ती मागून घेतली आणि नातवाकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घेतली. दोष कुणाचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. कोरी होती. “येवढे पैसे भरले, अन् येवढापन लिवला नाय?” असं म्हणून तिने सरकारी कारभाराबद्दलचं आपलं जुनं मत कायम केलं.

आता दोन्ही घरांनी नवी स्थळं बघायला सुरुवात केली आहे. मुलाच्या बापूसाने विवाहमंडळात नाव नोंदवलं, मुलीच्या बापाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मराठी वधूवरांच्या जाहिराती वाचणं हा माझा रविवारचा छंद, त्यामुळे दोन्ही मजकूर नजरेखाली गेले. मुलाच्या माहितीत लिहिलंय, ‘निर्दोष घटस्फोटित’. मुलीच्या जाहिरातीतही, ‘निर्दोष घटस्फोटिता’. इतकी वर्षं मी या जाहिराती वाचतोय, ‘सदोष घटस्फोटित’ अशी एकही पाहिली नाही. प्रत्येक निर्दोष माणूस हा शब्द छापतो तो समोरच्याचा दोष गुपचूप सुचवण्यासाठी. आत्या नसली तरी आत्याचा प्रश्न घरोघर असतो. पण या वेळी मात्र दोन्ही घरांनी छापलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे, पनवेलच्या कोर्टाचा शिक्का आहे त्यावर. आत्याला मी हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, “बरा झाला. दोघं निर्दोष हायत, तर मंग त्यांचाच जमवून दे ना एकमेकांशी!”